भरती आली

"पाण्याचं राहू द्या हो, पुंडलिकराव. त्या पोराचं काय ठरवलंत?"

पुंडलिक तेव्हा मीरा रोडला पूनम सागरच्या कोपऱ्यावरच्या चेंबरमध्ये कमरेत वाकलेला होता. हातात लांबलचक लोखंडी चावी, डोळ्यांपुढे गंजलेला व्हॉल्व्ह, आणि डोक्यावर सोसायटीचे सेक्रेटरी पंढरीनाथ, बनियन-लेंग्यावर, हातात चहाचा कप. पाणीखात्यात व्हॉल्व्हमन म्हणून पुंडलिकला अकरा वर्षं झाली होती. सकाळी आधी पूनम सागर, मग शांती नगर, मग पेणकरपाडा. इकडचा व्हॉल्व्ह उघडायचा, तिकडचा बंद करायचा आणि दोन्हीकडच्यांची बोलणी खायची. त्याची त्याला सवय होती. पण गेला महिनाभर लोक पाणी विसरले होते. जो तो एकच विचारत होता, निकेतला तुमच्या हॉकी टीममध्ये घेणार का?

"न्हाय ठरवला अजून," तो आतूनच म्हणाला.

"ठरवायचं काय त्यात? एका सीझनला एकोणीस गोल मारलेत पोरानं! तुमच्या अख्ख्या टीमनं एकोणीस वर्षांत तेवढे मारले नसतील."

"गोल मारतंय ते सगल्यांना ठावं हाय. आमच्यात बसंल काय, ते मना बगायचा हाय."

"बसायला काय तो लग्नाला आलाय?" पंढरीनाथ स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले आणि चहाचा घोट घेऊन आत गेले.

पुंडलिकनं झाकण आपटून बंद केलं. पुढे न्हावी भेटला, त्याचंही तेच. इस्त्रीवाला म्हणाला, "ले लो ना पुंडलिकभाई, काहे को टेन्शन लेते हो?" शांती नगरच्या किराणावाल्यानं तर पुडीच्या कागदावर आकृती काढून दाखवली, कोण कुठे उभा राहील ती. जन्मात हॉकीची स्टिक हातात न धरलेली माणसं! याला काही सुमार? पुंडलिकच्या तोंडावर आलं होतं, बाबांनो, पाणी येत नाही म्हणून ओरडा रे, निदान ते तरी समजतं.

पेणकरपाड्याची हॉकी टीम मिठागरात जन्मलेली. फार पूर्वी मीठ खात्यातला एक इन्स्पेक्टर होता, हॉकीवेडा. त्यानं आगरावरच्या पोरांच्या हातात स्टिका दिल्या. मीठ पिकवणं बंद झालेल्या एका आगराची जमीन माणसांच्या पायांनी तुडवून तुडवून अशी टणक झाली होती, की चेंडू तिच्यावरून सुसाट जायचा. तेच यांचं मैदान. आणि खेळण्याची तऱ्हाही यांनी आगरावरूनच उचलली. उधाणाला बांध फुटून खाडीचं पाणी आत शिरायला लागलं, की गावात हाळी जायची, "भरती आली!" मग घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर. तुझं आगर, माझं आगर काही नाही. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि चिखल थापायचा.

मैदानातही तेच. चेंडू समोरच्यांकडे गेला, की गोलकीपर राघो मागून ओरडायचा, "भरती आली!" त्याबरोबर दहाच्या दहा जण मागे येऊन रांग धरायचे. या रांगेचं नावच 'बांध'. बांधातल्या माणसानं जागा सोडायची नाही, मग काय वाटेल ते होवो. पुढे जायचीही एक हाळी होती, 'ओहोटी'. पण ती शेवटची कोणी दिली, हे विचारलं असतं तर गावातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं असतं.

त्यामुळे व्हायचं काय, की ही टीम गोल खात नव्हती आणि मारतही नव्हती. राघोनं सव्वीस वर्षांत एका मॅचमध्ये एकाहून जास्त गोल खाल्ला नव्हता, आणि तो ते रिक्षात बसणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. राघो रिक्षा चालवायचा. दरवर्षी फेब्रुवारीत स्पर्धा व्हायची. पेणकरपाडा सेमीफायनलला जायचं, शून्य-शून्य व्हायचं, मग पेनल्टी स्ट्रोकवर हे हरायचे. नऊ वर्षं हेच. पोरांना वीट आला होता, पुंडलिकलाही आला होता. पण तो कोच होता, कबूल कसं करणार?

आणि म्हणून शेवटी त्यानं निकेतला घेतलं.

निकेत शांती नगरचा. बावीस वर्षांचा, लांब टांगांचा, मूळचा रत्नागिरीकडचा. वडील बाबाजी वॉचमन होते. हा कुरियरची पाकिटं वाटत सायकलवरून मीरा रोड पालथा घालायचा. कंत्राटी काम, आज आहे तर उद्या नाही. त्याचा आधीचा क्लब बंद पडला होता, म्हणून तो इकडे आला.

पहिल्याच दिवशी राघो ओरडला, "भरती आली!" नऊ जण जीव खाऊन मागे पळाले. दहावा मधल्या रेषेवर कमरेवर हात ठेवून उभा.

"काय रे बाबा, तुला येगला आवतान देऊ काय?" पुंडलिक कडाडला.

"काका, मी फॉरवर्ड आहे. सगळेच मागे गेले तर बॉल मारायचा कोणाला?"

"मारायचा न्हाय. आडवायचा."

"मग जिंकायचं कसं?"

पुंडलिकनं त्याला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या.

मग आत्माराम कुरकुरत आला. तो बांधातला जुना माणूस, निकेतच्या शेजारची जागा त्याची. "दादा, ह्यो पोरगा पुढं गेला, की भोक माज्या बाजूला पडतंय. मी एकला किती झाकू?"

"मी बोलतंय ना त्याला!"

"तू बोलतंस, पन तो आयकतंय कुठं?"

दोन आठवडे पुंडलिकच्या नाकी नऊ आले. रोज संध्याकाळी तो घसा फुटेस्तोवर ओरडायचा. निकेतला दोरी बांधायची तेवढी बाकी ठेवली. पण पोरगा हट्टी नव्हता, हीच खरी पंचाईत. त्याला समजलं की तो करायचा. "काका, खेळायला मिळतंय ना, मग झालं," असं म्हणायचा आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहायचा. तिसऱ्या आठवड्यात काय झालं कोण जाणे, 'भरती आली'तला 'भ' ऐकला की निकेत मागे. आत्मारामच्याही आधी. चेंडू पायापाशी आला तरी डोकं वर करून पुढे बघायचा नाही, बाजूच्याला देऊन मोकळा व्हायचा.

सेमीफायनल शून्य-शून्य झाली. या वेळी स्ट्रोकवर पेणकरपाडा जिंकलं, कारण शेवटचा स्ट्रोक निकेतनं मारला. नऊ वर्षांनी फायनल! पोरांनी राघोला खांद्यावर घेतलं. त्या गडबडीत पुंडलिकनं मागे दोन प्रेक्षकांचं बोलणं ऐकलं.

"तो एकोणीस गोलवाला कुठला रे?"

"तो काय, डावीकडे मागे उभा होता तो."

"तो? मला वाटलं बॅक आहे."

पुंडलिक घरी आला तो जिंकलेल्या माणसासारखा आला नाही. बायकोनं, पुष्पलतानं, बोंबलाचं कालवण आणि भाकरी पुढे ठेवली.

"बसला कं पोरगा तुमच्या टीममधी?"

"बसला."

"बसनारच," ती म्हणाली. "तुमीबी बसलाव."

पुंडलिकचा घास हातातच राहिला. ही बाई कमी बोलायची, पण बोलली की असं बोलायची.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तेव्हा पुंडलिक एकवीस वर्षांचा होता आणि पेणकरपाड्याचे सगळे गोल तो मारायचा. त्या इन्स्पेक्टरसाहेबानं मुंबईत एका मोठ्या खात्याच्या हॉकी टीमसाठी त्याचं नाव सुचवलं होतं. टीममध्ये जागा म्हणजे पक्की नोकरी. एका संध्याकाळी शेजारचा राघो, तेव्हा चौदा वर्षांचा, धावत निरोप घेऊन आला, "सायबांनी सांगितलाय, उद्या भरती हाय. नऊला हजर ऱ्हा." दुसऱ्या दिवशी होती अमावास्या. आगरावरच्या माणसाला अमावास्येला भरती म्हटलं, तर दुसरं काय सुचणार? पुंडलिकच्या बापानं गावभर हाळी दिली. सकाळी नऊला तीस माणसं फावडी घेऊन बांधावर, सगळ्यांत पुढे पुंडलिक. चिखल थापून थापून हात सोलवटले. बांध काही फुटला नाही. संध्याकाळी इन्स्पेक्टर लालबुंद होऊन आला. "अरे मूर्खा, तीनदा पुकारलं तुझं नाव मैदानावर! भरती म्हणजे नोकरीची भरती!"

आधी बाप हसला. मग गाव हसलं. पुढे कित्येक वर्षं कोणाचं काही चुकलं की लोक म्हणायचे, पुंडलिकाची भरती झाली. मैदानावर ती हाळी आली, तीसुद्धा त्यालाच चिडवायला म्हणून. चिडवणारे थकले, हाळी राहिली. साहेबाची बदली झाली, बापानं पुंडलिकला बांधात उभं केलं, "गोल मारून कोनाचा भला झालाय?" आणि पुंडलिक अठरा वर्षं बांधात उभा राहिला. छान बसला.

"त्याचा काय आता?" तो पुष्पलतावर खेकसला. "जुना उगालत बसायचा काय?"

"मी कुठं काय बोलले? भाकरी खावा."

गुरुवारी सकाळी पंढरीनाथ पुन्हा चेंबरवर हजर. पण आज त्यांनी चहा आणला नव्हता आणि आवाज खाली होता.

"पुंडलिकराव, एक काम आहे. मी नोकरीला आहे त्या खात्यात खेळाडू कोट्यातनं एक जागा निघालीय. हॉकीची. आमचे स्पोर्ट्सचे साहेब रविवारी फायनल बघायला येतायत. मीच सांगितलं, आमच्याकडे एक मुलगा आहे म्हणून."

"निकेत?"

"मग दुसरा कोण? पण एक लक्षात ठेवा, त्यांना गोल मारणारा पाहिजे. बॅक त्यांच्याकडे पोत्यानं पडलेत. आणि तूर्त कोणाला बोलू नका. जागा एक, उगाच दहा जण माझ्या दारात येऊन बसतील."

आता काय करावं माणसानं? तीन दिवस पुंडलिकनं हाच विचार चघळला. उघड सांगावं तर टीममधली निम्मी पोरं बिनकामाची, त्यांना वाटणार, आम्ही काय घोडं मारलंय? आत्माराम म्हणणार, त्याच्यापायी मी भोक झाकू? राघो काय म्हणेल, याचा तर विचारच नको. नऊ वर्षांनी फायनल आलीय आणि कोचच बांध फोडायला निघालाय! न सांगावं, तर पोरगा डावीकडे मागे खुंट्यासारखा उभा राहणार आणि साहेब आल्या पावली परत जाणार. व्हॉल्व्ह फिरवताना तो इतका तंद्रीत होता, की शनिवारी एका सेक्टरचं पाणी बंद करायचंच विसरला. त्या दिवशी तिथल्या लोकांनी गाड्या धुतल्या.

रविवारी मैदानावर पोरं बुटांच्या नाड्या बांधत होती. आगराच्या कडेला माणसांची ही गर्दी. पलीकडे पंढरीनाथ एका टक्कल पडलेल्या गृहस्थांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवत होते. पुंडलिकनं निकेतला कोपराला धरून बाजूला ओढलं. राघो दोन हातांच्या अंतरावर पायांना पॅड बांधत बसलेला. आवाज एकदम बारीक करून पुंडलिक कानाशी बोलला,

"निकेत, आज भरती हाय. ध्यानात ठेव."

निकेतचा चेहरा गंभीर झाला. त्यानं मान हलवली. "हो काका. तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

पुंडलिकच्या छातीवरचं ओझं उतरलं. समजूतदार पोरगा. एका शब्दात कळलं.

समोर वसईची टीम होती, तगडी. शिट्टी झाली आणि निकेत डावीकडे मागे जाऊन उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. पोरगा तसूभर हलेना. वसईकर धडका देत होते आणि हा त्यांचे चेंडू अडवत होता, असे सुरेख अडवत होता की आत्माराम मधेच त्याची पाठ थोपटत होता. एकदा तर सगळं मैदान समोर मोकळं होतं, चेंडू त्याच्या स्टिकला, वसईचा एकही माणूस जवळ नाही. निकेतनं शांतपणे चेंडू बाजूला आत्मारामला दिला आणि जागेवर परत गेला.

पुंडलिकनं कपाळावर हात मारला. तो कडेनं हातवारे करत धावू लागला. 'पुढं, पुढं!' निकेतनं लांबून हात वर करून त्याला धीर दिला, आहे मी, काळजी नको. खुर्चीवरच्या साहेबांनी वर्तमानपत्र उघडलं. पंढरीनाथ पुंडलिककडे असे बघत होते, जणू त्यांच्या टाकीत कोणी मेलेला उंदीर टाकलाय.

हाफ टाइमला पुंडलिकनं निकेतला जवळजवळ गचांडीच धरली.

"अरे भल्या मानसा, पुढं का जात न्हाईस?"

"पुढे?" निकेत धापा टाकत होता. "काका, तुम्हीच म्हणालात ना, आज भरती आहे, ध्यानात ठेव? म्हणून मी जागेवरनं हललोच नाही. त्यांना एकदा तरी आत येऊ दिलं का मी, सांगा!"

पोरगा शाबासकीची वाट बघत उभा होता.

ज्या शब्दानं बत्तीस वर्षांपूर्वी पुंडलिकचं वाटोळं केलं, तोच शब्द त्यानं आपल्या तोंडानं पोराच्या कानात घातला होता. आणि पोराला त्या शब्दाचा हा अर्थ शिकवला कोणी? त्यानंच. रोज संध्याकाळी, घसा फोडून! जगात एवढा मोठा गाढव दुसरा असेल?

"अरे नोकरीची भरती!" तो ओरडला. कुजबुजायचं, लपवायचं सगळं विसरून ओरडला. "तो खुर्चीवरचा साहेब तुला बगायला आलाय! गोल मारनारा पायजे त्याला! पक्की नोकरी हाय!"

पाणी पिणारी पोरं पाणी प्यायची थांबली. निकेतचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं खुर्चीकडे बघितलं, मग रांगेतल्या सगळ्यांकडे.

"मग आता?"

"आता पुढं जा."

"आणि बांध?"

राघोनं पॅडचा पट्टा सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि मान वर न करता गोलाकडे चालू लागला.

दुसऱ्या हाफमध्ये निकेत पुढे जाऊन उभा राहिला, एकटा. पण चेंडू त्याच्यापर्यंत पोचणार कसा? मागचे नऊ जण आयुष्यात कधी पुढे पास न दिलेले. ते आपले चेंडू आला की बाहेर फटकवायचे. आणि वसईकर चालून आले, राघोची "भरती आली!" कानावर पडली, की निकेत मागे पळत सुटायचा. अर्ध्या वाटेवर त्याला आठवायचं, मग तो थांबायचा, मग ना इकडे ना तिकडे. असं तीनदा झालं. पोराचे पाय पोराचं ऐकत नव्हते. तिकडे साहेबांनी घड्याळ बघितलं आणि वर्तमानपत्राची घडी घातली.

पुंडलिकच्यानं बघवेना. तो कडेची चुन्याची रेघ ओलांडून आत गेला आणि बोंबलला,

"ओहोटी! अरे ओहोटी!"

अंपायर शिट्टी फुंकत त्याच्या अंगावर आला. बांधातली माणसं त्याच्याकडे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय, अशा नजरेनं बघत राहिली. जागचं कोणी हललं नाही. हाळी गोलातून यायची असते, कडेवरून नाही. पुंडलिकनं राघोकडे बघितलं. राघो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उभा होता. सव्वीस वर्षं त्यानं ते दोन खांब राखले होते. बांध पुढे गेला तर मागे तो एकटा उरणार, हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं?

राघोनं तोंडावरचा घाम पुसला.

"ओहोटी!" तो ओरडला. "जावा रे सगले पुढं! आत्माराम, पोराला बॉल दे, मेल्या, बगतोस काय!"

मग पुढची वीस मिनिटं पेणकरपाड्यानं कधी पाहिली नव्हती अशी गेली. बांधातली जाडजूड माणसं धापा टाकत पुढे धावली. आत्मारामनं आयुष्यातला पहिला सरळ पास दिला आणि निकेतनं तो घेऊन तिघांना चकवत असा गोल मारला, की क्षणभर टाळ्या वाजवायचंही कोणाला सुचेना. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले, वर्तमानपत्र खाली पडलं. शेवटाशेवटाला त्यानं आणखी एक मारला, डाव्या कोपऱ्यातून, पडता पडता.

आणि मागच्या उघड्या मैदानातून वसईकरांनी चार मारले.

चार-दोन. कप वसईला गेला. साहेबांनी निकेतला बोलावून नाव, पत्ता लिहून घेतला. "पुढच्या सोमवारी सकाळी नऊला कागद घेऊन ऑफिसला ये. एवढं खेळतोस, मग पहिल्या हाफमध्ये मागे काय करत होतास?"

"साहेब, भरती होती ना," निकेत म्हणाला.

"हो, त्यासाठीच तर आलोय मी," साहेब म्हणाले आणि पंढरीनाथांकडे वळले.

गर्दी पांगल्यावर पुंडलिक राघोपाशी गेला. राघो गोलाच्या खांबाला टेकून पॅड सोडत होता. हाताला लागलं होतं, रक्त सुकलं होतं.

"राघो, चार गोल माज्यामुलं खाल्लेस."

"गोलाचा काय घेऊन बसलास?" राघो उसळला. "तवा तुझा बाप भरती हाय म्हनून गावभर हाली देत फिरला व्हता. चुकला असंल, पन सगल्यांना सांगितला. तू एकल्या पोराच्या कानात सांगितलास. मना न्हाय सांगितलास. मना वाटला आसता काय पोराच्या नोकरीपेक्षा माजा गोल मोठा? तवा तो निरोप कोनी आनला व्हता, ते इसरलास काय?"

बत्तीस वर्षांत राघो त्या निरोपाबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. पुंडलिकला वाटायचं, तो विसरला असेल.

राघोनं पॅड काखेत मारले आणि तो रिक्षा चालू करून निघून गेला. आठवडाभर तो पुंडलिकशी बोलला नाही. बाकी सगळे बोलले. न्हावी बोलला, इस्त्रीवाला बोलला, किराणावाल्यानं नवी आकृती काढली. पंढरीनाथसुद्धा म्हणाले, "ते नोकरीचं झालं हो, पण कप घालवलात." यांनीच सांगायचं आणि यांनीच बोलायचं! पुंडलिकनं हातातली चावी त्यांच्या पायावर कशी पाडली नाही, त्याचं त्यालाच माहीत.

रविवारी तो निकेतच्या घरी गेला आणि त्याच्या हातात चिठ्ठी ठेवली. पुष्पलताकडून स्वच्छ अक्षरात लिहून घेतलेली.

"वाच. मोठ्यानं."

निकेतनं वाचलं, "सोमवार. सकाळी नऊ. नोकरीची भरती. समुद्राची नव्हे."

"परत वाच."

"काका, कळलं हो!"

"मनाबी कलला व्हता," पुंडलिक म्हणाला. "परत वाच."

सोमवारी सकाळी त्यानं शांती नगरचा व्हॉल्व्ह वीस मिनिटं आधी उघडला. पोराची आंघोळ झाली पाहिजे. अकरा वर्षांत त्यानं कोणासाठी पाणी लवकर सोडलं नव्हतं, मंत्र्याच्या साडूनं सांगूनही नाही. चेंबरपाशी उभा राहून तो निकेतच्या जिन्याकडे बघत होता, तेवढ्यात समोर रिक्षा येऊन थांबली. आत राघो. त्याच्या हाताला अजून पट्टी होती.

"या येलेला मी निरोप देत न्हाय," राघो समोर बघत म्हणाला. "सोता नेतंय. टेशनात गाडीत बसवीन, गाडी सुटल्याबिगर हलनार न्हाय."

पुंडलिकनं नुसती मान हलवली.

निकेत उतरला. ओले केस, इस्त्रीचा शर्ट, बगलेत कागदांची पिशवी. "येतो काका."

"चिठ्ठी?"

"खिशात आहे."

रिक्षा वळून दिसेनाशी झाली. वरून दुसऱ्या मजल्यावरची एक बाई बादली आपटत कठड्यावर आली.

"ओ पाणीवाले! आज एवढ्या लवकर कसं सोडलंत? आमच्या टाक्या घासायच्या राहिल्यात अजून! वेळेचं काही बंधन आहे की नाही तुम्हाला?"

त्या दिवशी सप्तमी होती. खाडीला उधाण नव्हतं आणि बांधावर कोणी माणूस नव्हता.

"आज भरती हाय, बाई," पुंडलिक म्हणाला आणि चावी खांद्यावर टाकून पेणकरपाड्याच्या रस्त्याला लागला.